चाकाखालचा दगड काढायला

आकारामआबांचा ट्रॅक्टर मालकासारखाच हट्टी. चावी फिरवली की स्टार्टर नुसता टक करायचा आणि गप्प बसायचा. जुना डायनामो बॅटरी चार्ज करतच नव्हता. म्हणून आबा तो कायम गोठ्यामागच्या उताराला लावायचे, पुढच्या चाकाखाली दगड देऊन. सकाळी आबा सीटवर चढायचे, बायको शालूबाई दगड ओढायची, ट्रॅक्टर घरंगळायला लागला की आबा क्लच सोडायचे आणि धूर ओकत इंजिन जागं व्हायचं. एकदा नीट करून घ्या की, असं ती रोज म्हणायची. आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

श्रावणात शालूबाई पुण्याला गेली. मुलगा राजवर्धनला लेक झाली होती आणि सून शिवांजलीची रजा संपत आली होती. महिन्यासाठी म्हणून गेलेली बाई दिवाळी झाली तरी तिकडंच. इकडं आबांच्या घशाखाली घास उतरेना. पण तसं तोंडानं सांगतील तर ते आकारामआबा कसले! फोनवर रोज एकच रड: ट्रॅक्टर चालू होत नाही, दगड काढायला माणूस नाही, रानातलं काम खोळंबलंय.

शालूबाईनं ते खरं धरलं आणि रहिमतपूरच्या बाळासो मिस्त्रीला वस्तीवर धाडलं. त्यानं डायनामो उतरवून झिजलेले कार्बन ब्रश बदलले, वायरींवरचा गंज खरवडला, नवी बॅटरी बसवली. चावी फिरवताच इंजिन धडाडलं. चार्जिंगचा काटा कधी नव्हे तो प्लसकडं झुकला.

"आता कुटंबी लावा, आबा," बाळासो म्हणाला. "एकला मानूस चालू करंल."

बाळासोची मोटरसायकल वळणाआड गेली न गेली तोच आबांनी पान्हा घेतला, बॅटरीची वायर सोडली आणि पुण्याला फोन लावला. परत बिघडला म्हणून सांगितलं.

तिकडनं शालूबाई म्हणाली, "आवं, मगाशी बाळासोनं फोनवर मला आवाज ऐकिवला की."

झाली का पंचाईत! आणि एवढ्या संसारात जे कधी ओठांवर आलं नव्हतं, ते आबांच्या तोंडून निघून गेलं.

"मला करमत न्हाई गं तुज्याबिगर. ये तू."

शालूबाईला हुंदका आवरेना. जवळच नात किरकिरत होती.

"मलाबी लय आठवन येती," ती म्हणाली. "पर गेल्या आटवड्यात राजवर्धन म्हनला, आई, पोरीला सांबाळायला बाई ठेवतो, तू जा. मीच नको म्हनलं. वाटलं, तिकडं दगड काढायलाच मानूस पायजे, तेवडा ट्रॅक्टर नीट करून दिऊ. आता शिवांजलीला वरीसभर ऱ्हाते म्हनून शबूद दिलाय."

फोन कानाला धरून आबा तसेच नातीचं रडणं ऐकत राहिले.