एकही ओरखडा नाही

मी बोलतेय, पण मला शोधू नका, सापडणार नाही. त्या राखाडी गाडीचं बॉनेट बघा. चकाकतंय ना? ते तुम्ही माझ्यातूनच बघताय. गाडीच्या रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म मी. खडे, धूळ, पक्ष्यांची घाण, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं आणि खालच्या रंगाला कळूसुद्धा द्यायचं नाही, हे माझं काम. पण खरं सांगू? हल्ली मला माझीच लाज वाटते. तोंड लपवावं म्हटलं तर तेही जमत नाही, कडेपर्यंत चिकटवून ठेवलंय मला.

कारखान्यातून गुंडाळी होऊन मी फिल्मवाल्याच्या दुकानात आले. माणूस भारी काटेकोर. आधी गाडी धुतली, मग धूळ उडू नये म्हणून फरशी ओली केली, पंखाही बंद. साबणाचं पाणी फवारून मला बॉनेटवर अंथरलं आणि रबरी पट्टीने आतलं पाणी असं निपटलं की एक बुडबुडा राहिला नाही. कडा गरम हवेने मऊ करून आत दुमडल्या. स्वतः घामाने निथळत होता, पण माझ्यावर थेंब पडू दिला नाही.

गाडी ताब्यात देताना तो आमच्या मालकांना म्हणाला, "दादा, आता बिनधास्त वापरा. ओरखडा पडला तर हिला पडेल, रंगाला नाही. आणि बारीकसारीक रेघा तर गाडी उन्हात तापली की आपोआप भरून येतात."

"हो का? वा!" मालक म्हणाले. ऐकलं खरं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

मालक तसे वाईट नाहीत हो. अर्धं आयुष्य खटारा स्कूटरवर काढलेलं, ही पहिलीच नवी गाडी. त्यांनी रंगाला जपायला मला आणलं आणि मग मलाच जपायला लागले! शेजाऱ्याने बॉनेटवर पिशवी टेकवली की हे "अहो, अहो!" करत गॅलरीतून खाली धावत. त्यांची बायको हसायची. "अहो, मलाही एक फिल्म लावून आणा, म्हणजे माझ्याकडेही बघाल!" मीही हसले तेव्हा. खोटं कशाला बोलू, ते कौतुक मला आवडत होतं.

घरात मालकांची म्हातारी आई. गुडघे पार गेलेले, तरी रोज संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर मैत्रिणींशी गप्पा मारायला उतरायची. तेवढाच तिचा विरंगुळा. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांना कठडा नाही आणि गाडी त्यांच्या अगदी लगत उभी. उतरताना आई बॉनेटवर तळहात टेकायची, दम घ्यायची आणि पुढे जायची. उबदार, खरखरीत हात होता. माझ्याकडे येणारा हाच एक हात काही पुसायला यायचा नाही.

एकदा तिच्या अंगठीने माझ्यावर रेघ उठली. अगदी केसाएवढी. मालक नेमके फडकं घेऊन तिथेच उभे होते.

"आई! हात काढ आधी! किती वेळा सांगायचं, गाडीला हात लावू नकोस म्हणून?"

"अरे, तोल जातो रे माझा."

"मग भिंतीला धर ना! नव्या गाडीची पार वाट लावशील!"

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. आईचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं बाबा," म्हणाली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी राहिली आणि ती रेघ भरून आली, अशी की जणू नव्हतीच. मालकांनी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर आईने अंगठी काढून ठेवली. सुनेने विचारलं तर म्हणाली, बोटाला टोचते. पण तरीही ती मला हात लावेना. भिंत पलीकडे, हात पुरत नाही, तरी ती अंग चोरून तशीच उतरायची. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

आणि व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी तिचा पाय सटकला. हात आपसूक माझ्याकडे आला. अगदी वीतभर राहिला होता हो! तिने तो मागे घेतला. मी डोळ्यांनी बघितलं, मुद्दाम मागे घेतला. आणि ती फरशीवर कोसळली. कपाळ फुटलं, मनगट मोडलं.

मालक धावत आले, तिला उचलून गाडीकडे नेलं. तर दार उघडताच ही म्हणते, "थांब रे, सीटला रक्त लागेल. आधी खाली काहीतरी अंथर."

मालकांनी तिला तशीच सीटवर बसवलं आणि गाडी दवाखान्याकडे पळवली.

आईचा हात प्लास्टरमध्ये असतानाच फिल्मवाला मला तपासायला आला. माझ्यावरून बोटं फिरवली, वाकून उजेडात बघितलं. "वा दादा! एकही ओरखडा नाही. गाडी जपावी तर तुमच्यासारखी!" मालकांनी मान खाली घातली. मला मान असती तर मीही घातली असती.

प्लास्टर निघालं तेव्हा मालक स्वतः आईला धरून खाली घेऊन आले. माझ्यासमोर थांबले. "आई, टेक हात. टेक ना गं. पडू दे ओरखडा." ती नको नको म्हणत होती, तरी त्यांनी तिचा हात घेऊन माझ्यावर ठेवला. हात पार हलका झाला होता. क्षणभर राहिला. मग तिने तो उचलला आणि जिथे टेकला होता ती जागा बाहीने हळूच पुसून काढली.

"डाग राहील रे," म्हणाली.

मालक तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

तुम्हाला हात जोडून सांगते, मला जपू नका. मी झिजायलाच आलेय. घरात कुणाचा तोल जात असेल, तर आजच म्हणा, धर गाडीला, खुशाल धर. आमच्याकडे ते सांगायला फार उशीर झाला.