उजवा पाय आधी

"चढा, चढा, चढा! मागं रिकामं आहे, मागं सरका!"

एका हाताने तादेओचे दोन्ही घोटे उचलून धरत बासिलियाने दुसऱ्या हाताने त्याच्याखालचा भरलेला डायपर ओढून काढला. अकरा महिन्यांचा तादेओ एरवी या मेजावर पाठ टेकली की मासोळीसारखा उलटायचा. आता मात्र तो श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होता. बस सुटायची वेळ झाली होती.

"टेकडीचा पायथा!" तिने त्याचा अंगठा चिमटीत धरला. "पेट्रोल पंप!" टाच. "बाजार, बाजार, कुणी उतरणार आहे बाजारला?" गुडघा. मांडी म्हणजे नदीवरचा पूल. पुलावर बस नेहमी अडकून पडायची, त्यामुळे पुसून घ्यायला भरपूर वेळ मिळायचा. बेंबी म्हणजे गोल चौक. चौकात गाडी वळेपर्यंत नवा डायपर लागलेला असायचा. मग चड्डी चढवताना ती कंडक्टरसारखी घसा खरवडून ओरडायची, "उजवा पाय आधी, उजवा पाय!" आणि तादेओ आपण होऊन उजवा पाय पुढे करायचा.

शेवटचा थांबा नाकावर होता. तिथे ती काहीच म्हणायची नाही. ओणवी होऊन आपलं नाक त्याच्या नाकाला टेकवायची आणि क्षणभर तशीच राहायची. ते तादेओचं घर. कामाला येताना रोज त्या थांब्यावर ती बसमधून एकटीच उतरायची, हाक द्यायला गाडीत कुणी उरलेलं नसायचं.

दारात उभ्या असलेल्या हिमेनाने, तादेओच्या आईने, फोन खाली घेतला.

"नाकाशी आलीस की तुझ्या वेण्यांनी सगळं झाकून जातं," ती हसत म्हणाली. "असू दे. तेवढं राहिलं तरी चालेल. उद्या परत एकदा करशील? जरा सावकाश, आणि तोंड कॅमेऱ्याकडे. स्पेनला त्याच्या आजीला पाठवायचंय."

"करीन की, सेन्योरा," बासिलिया मालकिणीला म्हणाली.

बासिलियाचा हा रोजचा प्रवास होता. लिमाच्या एका टोकाच्या टेकडीवर मावसबहिणीच्या खोलीत ती राहायची, आणि दुसऱ्या टोकाला हिमेनाचं हे झाडाफुलांचं घर. दोन तास जायला, दोन तास यायला. ती कामाला लागली तेव्हा तादेओचा डायपर बदलणं म्हणजे घरातलं मोठं युद्ध होतं. बाप आंद्रेस पाय धरायचा, आई खुळखुळा वाजवायची, स्वयंपाकीण झाकण बडवायची, आणि तरीही शिंतोडे भिंतीवर जायचे ते जायचेच. सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. एक दिवस बासिलियाने वैतागून, जे कानात रोज चार तास घुमायचं तेच ओरडून टाकलं. पोरगं गप्प झालं. त्या दिवशी हिमेनाने तिला मिठी मारली होती.

आणि मिठी मारताना म्हणाली होती, "मार्चमध्ये शाळा सुरू झाल्या की तुझ्या मुलीला घेऊन ये. मागची खोली रिकामी करून देते. इथलीच शाळा बघू."

मुलगी, नऊ वर्षांची यानेत, डोंगरातल्या गावी आजीपाशी होती. बासिलियाने त्याच संध्याकाळी गावी फोन लावला होता.

तरीही नुसत्या शब्दावर तिने इतकी भिस्त ठेवली नसती. शहरातली माणसं बोलतात, हे तिला ठाऊक होतं. तिची भिस्त केसांवर होती. डिसेंबरात एकदा तादेओच्या कपाळावरची बट डोळ्यात जात होती. हिमेनाने कात्री तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "काप गं तू, माझा हात थरथरतो."

बासिलियाने बट कापली आणि मुठीत धरली. तिच्या गावात मुलाचे पहिले केस कुणीही कापत नाही. आईबाप माणूस निवडतात. जो कापतो तो घरचा होतो, त्या मुलाचा आणि त्याच्या आईबापाचा जन्मभराचा सोयरा. अशा माणसाला कुणी दारातून परत पाठवत नाही, भांडण झालं तरी. तिने ती बट रुमालात बांधून ठेवली, आणि रीत म्हणून, गावच्या आपल्या पाच मेंढ्यांतलं एक कोकरू तादेओच्या नावाने सोडायला आईला सांगितलं. आईने कोकराच्या कानात लाल लोकर ओवली. हिमेनाला ती याबद्दल बोलली नाही. देणाऱ्याने बोलून दाखवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेला निळा झगा घालून आली, वेण्या मागे टाकल्या आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून सगळे थांबे सावकाश म्हणाली. हिमेनाने ते एका पिवळ्या कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. आपल्या टेकडीचं नाव या घराच्या फ्रिजवर बघून बासिलियाला हसू आलं. त्यानंतरच्या दोन रविवारी ती सुट्टीवर होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी हिमेनाने तिला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं.

"बस ना जरा."

बासिलिया बसली. पिशवीत यानेतचा शाळा सोडल्याचा दाखला होता. आईने तो गुरुवारच्या बसने ड्रायव्हरच्या हाती पाठवला होता. आता विषय निघाला की काढून ठेवू, असं म्हणून तिने पिशवी मांडीवर घेतली.

"मार्चपासून तादेओला पाळणाघरात घालतोय," हिमेना म्हणाली. "सकाळी आंद्रेस सोडेल, चारला मी आणीन."

"मग मी चारनंतर येऊ?"

"नाही गं. चारनंतर मी घरीच असते." तिने टेबलावरचा पाण्याचा डाग बोटाने पुसला. "खरं सांगू? आम्हाला धास्ती होती ती या डायपरचीच. पण दोन रविवार करून बघितलं. तुझा व्हिडिओ लावला की तो हूं की चूं करत नाही. आता आमचं आम्हाला जमतंय. तुझे उपकार कसे फेडू, सांग."

बासिलियाने पिशवीचे बंद मुठीत गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"पण सेन्योरा, केस मी कापलेत."

"कुठले केस?"

"तादेओचे. पहिले."

हिमेना खरोखर आठवू लागली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि बासिलियाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

"अच्छा, ते डोळ्यात जात होते ते? काय काय लक्षात ठेवतेस तू."

"आणि यानेत?"

"यानेतचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते ना मी? आणि त्या खोलीत आंद्रेसचं सामान किती आहे, तू बघतेसच."

पुढच्या वर्षी असं कुणीच म्हटलं नव्हतं. गावच्या शाळेने दाखला देऊन पोरीचं नाव पटावरून काढलं होतं. हे सांगावं म्हणून बासिलियाने तोंड उघडलं, पण जिला केसच आठवत नाहीत तिला दाखला काय कळणार, असं वाटून मिटलं.

आतून वास आला, मागोमाग तादेओची कुरकुर. सवयीने बासिलिया उठली.

"तू नको, तू बघ," हिमेना तिच्या आधी निघाली. तिच्या आवाजात शाळेतल्या मुलीची ऐट होती. "मला कसं जमतं ते बघून तरी जा."

तिने तादेओला मेजावर निजवलं, फोन पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बोट लावलं. निळ्या झग्यातली बासिलिया ओरडू लागली. चढा, चढा, मागं सरका. तादेओचे पाय हवेत थांबले. हिमेनाचे हात थोडे चुकत होते, पुलावर तिला घाई झाली, पण काम होत होतं.

पिशवी घेतलेली बासिलिया दारातून बघत राहिली. मालकिणीने फसवलं हे एक वेळ पचलं असतं. मालक लोक फसवतात, त्यासाठीच माणूस दाराकडे एक डोळा ठेवून काम करतो. पण तिच्या पोटावर पाय द्यायला तिचाच आवाज पुढे केला होता, आणि तो तिने स्वतः, धुतलेला झगा घालून, सावकाश, कॅमेऱ्याकडे तोंड करून दिला होता.

"तादेओ," ती हळूच म्हणाली.

त्याने मान वळवली. तिच्याकडे बघून ओळखीचं हसला. तेवढ्यात फोनमधली बासिलिया "गोल चौक!" म्हणाली, आणि तो पुन्हा तिकडे वळला.

ती निघाली तेव्हा तादेओचा उजवा पाय वर झाला होता.

परतीच्या बसला गर्दी होती. खिडकीशी जागा मिळाली. पिशवीत हात घातल्यावर आधी दाखला लागला, मग रुमालाची गाठ. केसाने गळा कापला म्हणतात, तो असा, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. शेजारच्या बाईने खिडकी हवी का विचारलं, तिने मानेनेच नको म्हटलं. कोकराचं काय करायचं, याचाही विचार तिने केला. ते आता चांगलं अंगाने भरलं असणार. पण कानात लोकर ओवून दिलेलं जनावर मागे घेत नाहीत, समोरच्याला रीत कळो वा न कळो. ते तादेओचंच.

चौक गेला, पूल गेला. बाजारापाशी फोन वाजला.

"बासिलिया, सॉरी गं, एकच मिनिट." हिमेनाच्या आवाजामागे तादेओ रडत होता. ते भुकेचं रडणं नव्हतं, पोटात दुखल्याचंही नव्हतं. बासिलियाला त्याची सगळी रडणी पाठ होती. "अगं, तुझा व्हिडिओ उजव्या पायाशी संपतो. पुढे काहीतरी होतं ना, नाकाशी? रविवारी भागलं, पण आज तो थांबून वाट बघतो आणि मग भोकाड पसरतो. तिथे काय म्हणतेस तू? पटकन सांग, मी कागदावर लिहून घेते."

पेट्रोल पंप मागे पडला. कंडक्टर टेकडीच्या नावाने ओरडू लागला होता. बासिलिया उठून दांडीला धरून दाराकडे सरकली. फोनमध्ये तादेओने हुंदका गिळला आणि तो गप्प झाला. तो ऐकत होता.

"तिथं मी काही म्हणत नाही, सेन्योरा," ती म्हणाली. "तिथं मी उतरते."

तिने फोन पिशवीत टाकला. बस नेहमीसारखी पुरती थांबलीच नाही, नुसती मंदावली.

"उजवा पाय आधी, मावशी," कंडक्टर ओरडला, "उजवा पाय!"