ग्रंथालयातले फुटबॉलचे बूट

तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या पत्राला गुणवंतरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. दुबईत टपाल घरी येत नाही; पत्र मुलाच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर आलेलं, त्यामुळे घरात कुणापासून लपवायचीही सोय नव्हती. इथल्या निरनिराळ्या शाळांतून निवडलेल्या मुलांचा फुटबॉल सामना दरवर्षी व्हायचा. यंदा त्याला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार होता. यादीत त्यांतल्याच एका शाळेचे निवृत्त ग्रंथपाल म्हणून गुणवंतरावांचं नाव होतं. संमती सहीनिशी हवी होती.

"बाबा, झालं का लिहून?" सून अनुपमाने चहा ठेवत विचारलं.

"'पात्र नाही' लिहू की 'योग्य नाही', तिथे अडलोय."

"काल 'आभारी'वर अडला होतात."

चेंडूला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. बुटांवाचून एक चांगला गोलकीपर बाहेर बसला, तेव्हा मोठ्या मुलांचे जुने बूट मागून आणून त्यांनी ग्रंथालयाच्या कपाटात ठेवले, एवढंच. पुस्तकासारखं कार्ड, पुस्तकासारखा शिक्का, चौदा दिवसांत परत. हे बावीस वर्षं चाललं. एका मुलाने तर बूट परत करताना आत खुणेचा कागदही ठेवला होता.

फाटलेले बूट शाळेतला शिपाई दगडू शिवून द्यायचा. आता तो अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये होता. दुपारी त्याचा फोन आला.

"सर, सत्काराला येताय ना?"

"माझं काय काम रे तिथे?"

"असं नका करू. मलापण बोलावलंय. मी सांगून बसलोय, सर येतील तरच येतो. एकट्याने स्टेजवर जायचं तर माझे पाय लटपटतात."

"तुझेपण?"

"आणि सामना झाला की इथलं खलास. गावी चाललो, कायमचा. पुढच्या वर्षी मला कोण शोधत येणार? यादी पुढच्या आठवड्यात बंद करतायत."

फोन ठेवून गुणवंतरावांनी पेन उचललं. तीन आठवडे ते ज्याला आपला विनय समजत होते, तो दगडूच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता.

त्यांनी कच्चा खर्डा न करता चार ओळी लिहिल्या: दोघेही येतो, खुर्च्या शेजारी ठेवा.

बर दुबईच्या पोस्टाबाहेर नात ओवी म्हणाली, "आजोबा, व्हॉट इफ दे आस्क फॉर अ स्पीच?"

"दगडू बोलेल."

"डझ ही नो?"

"कळेल त्याला," म्हणत गुणवंतरावांनी मनगटापर्यंत हात पेटीत घातला आणि पत्र सोडून दिलं.