आज्याच्या रंध्याचं तोंड

आयक ना, मधात बोलू नको! ताईच्या लेकरासाठी बाबा सेक्टर टूच्या क्वार्टरात पाळणा बनवून राहिले. आज्याच्या लाकडी रंध्यात दुर्गच्या बाजारातून आणलेलं नवं पातं बसवलं, जुन्याहून जाड. रंधा जरासा चालला का लाकडाचा छिलका रंध्याच्या तोंडात, पात्यापुढच्या फटीत, अटकते. बाबा धार लावून लावून थकले.

मी म्हन्लं, "बाबा, धार बरोबर हाये. पातं जाड हाये म्हणून फट बारीक झाली. पुढून कानस मारून फट मोठी करू?"

"तुह्या आज्याच्या रंध्याले कानस? घासलेलं लाकूड परत येते का बे?"

"मंग जुनं पातं लावा."

"थे झिजून संपलं." बाबा मटकन बसले. "कर तुले जे करायचं थे. माह्यानं नाही होत आता."

मी घासलं. छिलका मोकळा निघाला. पण बाबा रंध्याले हात लावून नाही राहिले, यार. तू काय केलं असतं?