उभं राहून दिलेलं मत

नगरसभेत मत द्यायचं तर उभं राहावं लागे. जुनी पद्धत. नव्यानेच निवडून आलेल्या तिला ती ठाऊक होती, पण बाळ आत्ताच कुठे मांडीवर झोपलं होतं. दात येत होते त्याला. झोपवता झोपवता तिने इमारतीचा जिना पार झिजवला होता.

सभा संध्याकाळीच भरायची. तोवर पाळणाघर बंद, नवरा बसवर ड्युटीला, सासूबाई दवाखान्यात कामाला. म्हणून तिने ठराव आणला होता, सभा सकाळी घ्या. तो पडला तर राजीनाम्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घरी ती काही बोलली नव्हती. 'तरी सांगत होतो' म्हणायला लोक टपलेलेच असतात.

"सकाळी आम्ही धंदे सोडून यायचं?" समोरच्या बाकावरचे ठेकेदार म्हणाले.

"मग आम्ही पोरं सोडून यायचं?" तिच्या शेजारी बसलेल्या शिंपीणमावशींनी फाडकन विचारलं. कित्येक वर्षं सभेत त्या एकट्याच बाई होत्या. "माझी पोरं मी आईच्या गळ्यात घातली होती. हिची सासू कामाला जाते, हा काय हिचा गुन्हा?"

अध्यक्ष औषधवाले काका होते. त्यांनी घंटी वाजवली. "ठरावाच्या बाजूचे उठा."

मावशींसकट बरेच जण उठले. तिने बसल्या बसल्या हात वर केला.

"बसून मत चालत नाही हं, बाई," ठेकेदार गोड हसले.

काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं उचलावं तशी ती बाळाला घेऊन उठली. बाळाने एक डोळा उघडला. समोर ठेकेदारांच्या मिशा! त्याने असं भोकाड पसरलं की काकांचा आकडाच चुकला. पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला. शेवटी विरोधकही मोजून झाले, तर दोन्हीकडे सारखीच मतं.

"म्हणजे आता माझं मत!" काका ओरडून म्हणाले. "काय गं, हा रोज असाच रडतो?"

"संध्याकाळी, काका. सकाळी पाळणाघरात असतो."

"मग सकाळच! ठराव मंजूर! आणि कुणीतरी त्याला गप्प करा रे!"

ठेकेदारांनीच घाईघाईने किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. बाळ गप्प. दुसऱ्या क्षणी जुडगा बाळाच्या तोंडात. तिला इतका वेळ आवरलेलं हसू आता आवरेना.

सभा संपली तरी बाळाची मूठ सुटेना.

"अहो बाई, माझ्या गाडीची किल्ली..."

"पुढच्या सभेला मिळेल," मावशी म्हणाल्या. "सकाळी या, वेळेवर."