चार वाजताचं गवत

आयर्लंडमधल्या वेस्ट कॉर्कच्या एका खेड्यात फॉक्टनाइतका आळशी शेतकरी दुसरा नव्हता. बाकीच्यांचं गवत सकाळीच कापून व्हायचं. फॉक्टना मात्र दुपारचे बटाटे अंगावर आले की दोन तास ताणून द्यायचा आणि चारच्या सुमाराला ट्रॅक्टर चालू करायचा. शेजारीण गॉबनेट त्याची शाळेपासूनची मैत्रीण. ती उजाडताच दोन शेतं आडवी करायची आणि जाता-येता त्याला टोमणे मारायची.

त्या उन्हाळ्यात सहकारी डेअरीने लॉरीवर बसवलेलं एक यंत्र आणलं. ते गवत पिळायचं. रसातून साखर आणि डुकरांचं खाद्य निघायचं, उरलेल्या चोथ्याचे अंड्यांचे खोके व्हायचे. यंत्रावरची मुलगी सोरखा कुणाच्या गवतात किती साखर निघाली ते फळ्यावर लिहायची. पहिल्याच आठवड्यात फॉक्टना सर्वांत वर आणि गॉबनेट तळाला.

गॉबनेटने सोरखाला तीनदा मोजायला लावलं. आकडा हलेना. मग फॉक्टना दुकानातली साखर गवतावर भुरभुरतो असा तिला संशय आला. दुर्बीण घेऊन ती दोन दिवस कुंपणाआड बसली. दिसलं एवढंच, की तो तोंडावर टोपी घेऊन बांधावर घोरतोय. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या शेतात गुडघ्यांवर बसून गवत चावून बघत असताना त्याला जाग आली.

"मीठ आणू का?" त्याने विचारलं.

ती तशीच तणतणत सोरखाकडे गेली. सोरखाने समजावलं, की गवत दिवसभर उन्हात साखर करतं आणि रात्रीतून स्वतःच फस्त करतं; पहाटे त्याच्याकडे फारसं काही उरत नाही.

"म्हणजे हा झोपला म्हणून हुशार?"

"फळ्यावर तरी तसंच दिसतंय, मावशी."

डेअरीने फतवा काढला : चारच्या आधी कुणी गवत कापायचं नाही. आता गॉबनेटला दिवस खायला उठला. आपलं घर रंगवून झाल्यावर ती शिडी घेऊन फॉक्टनाच्या घरी पोचली. त्याच्या छपराच्या पन्हळी, खुराडं, धुराडं, काही सोडलं नाही. तिच्या ठोकाठोकीत त्याची दुपारची झोप गेली. शिडी धरून तो जांभया देत उभा राहायचा आणि चार वाजले की जागच्या जागी आडवा व्हायचा.

शेवटी त्याचंही गवत तीच कापू लागली. सोरखाने फळ्यावर दोघांची नावं एकाच ओळीत घातली, आणि ती पुसायला कुणीही सांगितलं नाही.