वामनरावांचं घर

वाटेत एस.टी. बिघडली, म्हणून गीताबाई आणि तिची बारा वर्षांची मंजुळा खामगावात उतरल्या तेव्हा रात्र झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या गीताबाईला हे शहर नवंच होतं.

नवरा गेल्यापासून घरात धाकट्या दिराचा, उकंडरावाचा शब्द चाले. मंजुळा चौथी पास झाली तेव्हा तोच म्हणाला होता, "खामगावात वामनराव माहे दोस्त हायेत. पोरीले त्यांच्या घरी ठेवू, तिथं शाळेत जाईल." गीताबाईला आनंदानं दोन रात्री झोप नव्हती.

विजेच्या दिव्यांत मंजुळा दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालली होती. पोर इतकं भराभर वाचते हे गीताबाईला ठाऊकच नव्हतं.

"वामनरावांचं घर कुठं हाय? कापसाच्या जिनिंगजवळ म्हणतात," तिनं पानवाल्याला विचारलं.

"कोणत्या जिनिंगजवळ, बाई? इथं जिकडंतिकडं जिनिंगच हाय. थांबा, आत विचारून येतो."

दिरानं दिलेल्या पाकिटावर नुसतं नाव होतं. आत पत्ता असेल म्हणून गीताबाईनं ते फोडलं आणि कागद मंजुळेच्या हाती दिला. खांबाखाली उभी राहून ती ऐटीत वाचू लागली.

"पोरगी पाठवली आहे. तिच्या आईला शाळेचं सांगितलं आहे. आई गावी परतली की लग्नाची तिथी काढा. पोरगी अंगानं थोराड आहे. घर करील, तुमची दोन्ही लेकरं सांभाळील..."

मंजुळेनं कागद खाली केला.

"पुन्हा वाच," गीताबाई म्हणाली.

मंजुळेनं पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती. सकाळी मोटारीत बसवताना दिरानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला होता, वाटेत खायला मुरमुरे बांधून दिले होते.

पानवाला परत आला. "सापडले. बायको वारली ते वामनराव ना? ही समोरचीच गल्ली."

"नाही भाऊ," गीताबाई म्हणाली. "आमाले दुसरीकडं जायचं हाय."

मंजुळेचं मनगट घट्ट धरून ती आल्या वाटेनं स्टँडवर आली. बाकावर पोर झोपली. ती मात्र उजाडेपर्यंत गल्लीच्या दिशेनं बघत राहिली, कोणी न्यायला येतं की काय म्हणून.

पहिल्या गाडीत मंजुळेनं विचारलं, "काकानं असं काऊन केलं, माय?"

गीताबाईनं तिला जवळ ओढलं.

दोघी आपल्या गावापर्यंत गेल्याच नाहीत. जळगाव जामोदला उतरून गीताबाई थेट शाळेत गेली. तिची मावसबहीण रुखमाबाई त्याच गावात राहायची, पोर तिच्याकडं राहणार होती. हेडमास्तरांनी पालकाचं नाव विचारलं. तिनं स्वतःचं सांगितलं.